आधी कार्ड, मग ड्रायव्हर, मग कर्नल : ठाणे-नवी मुंबईतल्या संगणक विभागांना खुलं पत्र

प्रति,
संगणक व माहिती तंत्रज्ञान विभागांचे प्रमुख, खरेदी समित्यांचे सदस्य आणि लॅब असिस्टंट,
ठाणे व नवी मुंबई परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने

विषय : लॅबच्या यंत्रांवर स्वतः कंपाइल केलेला कर्नल आणि त्यापायी बंद पडणारे ग्राफिक्स ड्रायव्हर

स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारी लॅबमधली बरीच जुनी यंत्रं लिनक्सवर आली. चांगलंच झालं. सहाव्या-सातव्या पिढीचं आय-५ असलेलं यंत्र उबुंटू २४.०४ किंवा डेबियन १३वर अजून काही वर्षं आरामात चालेल. घोळ पुढे होतो. त्याच यंत्रांवर ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला मुलं स्वतःचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) सोर्सपासून बांधतात, म्हणजे कंपाइल करतात, आणि त्याच यंत्रांवर मशीन लर्निंगच्या प्रॅक्टिकलला कूडा (एनव्हीडियाच्या कार्डावर आकडेमोड चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं. सकाळची बॅच कर्नल बसवून जाते. दुपारच्या बॅचला स्क्रीन १०२४ बाय ७६८वर अडकलेली दिसते, 'एनव्हीडिया-एसएमआय' ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा सांगते की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही, आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो, 'ग्राफिक्स कार्ड नादुरुस्त'. मग नव्या कार्डांची कोटेशनं मागवली जातात. कार्ड मात्र धडधाकट असतं.

आम्ही याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात लिनक्सची यंत्रं बसवणारी आणि सांभाळणारी मंडळी. आमचं म्हणणं एवढंच की लॅबमध्ये निर्णयांचा क्रम उलटा लागतो. बाजारात मिळेल ते कार्ड येतं, त्यावर चालेल तो ड्रायव्हर टाकला जातो, आणि कर्नल कोणता हे शेवटी मुलांच्या जर्नलवरून ठरतं. खरं तर कार्डावरची चिप ड्रायव्हरची शाखा (आवृत्त्यांची मालिका) ठरवते, ती शाखा कर्नल किती नवा चालेल ते ठरवते, आणि एवढं झाल्यावरच कंपाइल करायचं का, कुठे करायचं, हा प्रश्न येतो.

कर्नल बदलला की एनव्हीडियाचाच ड्रायव्हर का रुसतो, ते आधी पाहू. लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमशी दिलेला शब्द पाळतो. दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्या कर्नलवर सहसा चालतो. आतल्या भागांसाठी मात्र असा शब्द कुणीच दिलेला नाही. आतली फंक्शन्स, त्यांचे आर्ग्युमेंट्स, स्ट्रक्चर्स कधीही बदलतात, आणि हे धोरण कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उघड लिहिलेलं आहे. इंटेलचा आय-९१५ आणि एएमडीचा एएमडीजीपीयू हे ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच राहतात, त्यामुळे आतलं फंक्शन बदलणारा माणूस त्यांचाही कोड त्याच वेळी दुरुस्त करतो. एनव्हीडियाचा ड्रायव्हर बाहेर राहतो. त्याचा एक पातळ थर आपल्या यंत्रावर, आपल्या कर्नलच्या हेडर्सविरुद्ध (आतल्या फंक्शन्स-स्ट्रक्चर्सच्या याद्यांविरुद्ध) कंपाइल होतो आणि कंपनीच्या तयार बायनरीला जोडला जातो. हेडर्स बदलले की हा थर एक तर कंपाइल होत नाही, किंवा कंपाइल होऊनही लोड होत नाही.

लोड न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हरमॅजिक. प्रत्येक मॉड्यूलवर (कर्नलला मागाहून जोडायच्या तुकड्यावर) तो कोणत्या कर्नलसाठी बनला त्याची ओळ कोरलेली असते : आवृत्ती, तिच्यामागचं लोकल व्हर्जन, एसएमपी, प्रीएम्प्ट वगैरे बांधणीचे पर्याय. ती जुळली नाही तर ठाणे-वाशीच्या पासवर कर्जत लोकलमध्ये बसलेल्याशी टीसी जसा वागतो, तसाच कर्नल त्या मॉड्यूलशी वागतो. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' हा संदेश त्याचाच.

दुसरं कारण परवान्याचं. कर्नलमधली काही फंक्शन्स फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्यूलनाच वापरता येतात. फेब्रुवारी २०२४मध्ये डेबियन १२.५ आलं, त्यात कर्नल ६.१.७६ होता. मेमरीशी संबंधित एका दुरुस्तीमुळे आधी मोकळं असलेलं एक छोटं फंक्शन आतून जीपीएलवालं फंक्शन बोलावू लागलं, आणि एनव्हीडियाचा बंदिस्त मॉड्यूल बनेनासा झाला. लॉगमध्ये 'जीपीएल-इनकम्पॅटिबल मॉड्यूल' आणि पुढे आरसीयू रीड लॉक या त्या जीपीएलवाल्या फंक्शनचं नाव. कुणी कर्नल कंपाइल केला नव्हता, मोठी आवृत्ती बदलली नव्हती. साधा अपडेट होता. स्थिर म्हणवणाऱ्या मालिकेत एवढं होऊ शकतं, तर मुलाने परवा उतरवलेल्या ताज्या कर्नलवर काय होईल याचा अंदाज करावा.

आता कार्डांकडे या, कारण खरी मेख इथेच आहे. खरेदीच्या कागदावर '२ जीबी ग्राफिक्स कार्ड' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीत वेगवेगळ्या पिढ्यांची कार्डं बसतात. जीटी ७१० केप्लर पिढीचं, त्याला ड्रायव्हरची ४७० शाखा लागते आणि त्या शाखेचा सपोर्ट एनव्हीडियाने २०२४मध्ये संपवला. जीटी १०३० पास्कल पिढीचं. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टासाठी ५८० ही शेवटची शाखा. जीटीएक्स १६५० ट्युरिंगचं, ते अजून चालू शाखांत आहे आणि एनव्हीडियाने मे २०२२मध्ये खुले केलेले कर्नल मॉड्यूल त्यापासून पुढच्या कार्डांनाच चालतात. सर्वांत फसवं कार्ड जीटी ७३०. या एकाच नावाखाली दोन चिप विकल्या गेल्या. एक फर्मी, जिला ३९० शाखा लागते आणि तिचा सपोर्ट २०२२मध्येच संपला. दुसरी केप्लर, म्हणजे ४७०. खोक्यावर दोन्हींचं नाव तेच. ओळखायचं तर 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा द्या आणि व्हीजीएच्या ओळीतला कोड पाहा : १०डीई:०एफ०२ दिसलं तर फर्मी, १०डीई:१२८७ दिसलं तर केप्लर. त्याच आज्ञेच्या शेवटी 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. तिथे एनव्हीडिया, नूव्हो (एनव्हीडियाच्या कार्डांसाठी कर्नलमधलाच खुला ड्रायव्हर) की काहीच नाही, यावर पुढचं निदान अवलंबून आहे.

एका लॅबमध्ये वीस यंत्रांत जीटी ७१० आणि वीस यंत्रांत जीटी १०३० असेल, तर क्लोनझिलाने काढलेली डिस्कची एकच प्रत, म्हणजे इमेज, सर्वांवर चालणार नाही. ४७० आणि ५८० या दोन शाखा एका इन्स्टॉलेशनमध्ये एकत्र नांदत नाहीत. इमेज दोन ठेवा, नाहीतर लॅबमधली कार्डं अदलाबदल करून एका खोलीत एकच पिढी आणा. दुसरा उपाय फुकटचा आहे आणि आमच्या मते तोच चांगला.

जीटी ७१०बद्दल आमचं मत स्पष्ट आहे : काढून टाका. कूडा १२पासून केप्लर पिढीचा आधार गेला, म्हणजे मशीन लर्निंगला त्याचा उपयोग उरला नाही. नुसतं चित्र दाखवायला मदरबोर्डवरचं इंटेल ग्राफिक्स त्याच्याहून कमी कटकटीचं आहे. मॉनिटरची वायर कार्डावरून काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा, कार्ड काढा, बायॉसमध्ये प्रायमरी डिस्प्ले 'ऑनबोर्ड' करा आणि एनव्हीडियाची सगळी पॅकेजेस पर्ज करा (सेटिंगसकट काढा). मग कर्नल कुठलाही टाका, चित्र दिसेल. एक खबरदारी घ्या : प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय-५ ९४००एफ, तर त्यात इंटेलचं ग्राफिक्स नसतं. तिथे कार्ड राहू द्या आणि कर्नलमधलाच नूव्हो ड्रायव्हर वापरा. केप्लर त्यावर सुरुवातीच्या मंद क्लॉकवर धावतं, पण कोड एडिटर, ब्राउझर आणि टर्मिनलला तेवढं पुरतं.

आता प्रॅक्टिकलकडे वळू. मुलांनी कर्नल कंपाइल करायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण त्यासाठी लॅबचं यंत्र स्वतःच्या कर्नलवर बूट करायची गरज नाही. नवी सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची वाट) जोडायची हा नेहमीचा प्रयोग घ्या. ६.१२ कर्नलचा सोर्स उघडा, 'मेक डेफकॉन्फिग' द्या, मग 'मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग', मग 'मेक -जे' आणि कोअरची संख्या. डेफकॉन्फिगमध्ये मॉड्यूल थोडे असतात, त्यामुळे सहा-आठ कोअरच्या यंत्रावर काही मिनिटांत बीझेडइमेज, म्हणजे बूट होणारी कर्नलची फाइल, तयार होते. ती क्यूईएमयूला (आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) '-कर्नल' पर्यायाने द्यायची, सोबत बिझीबॉक्स या आटोपशीर आज्ञासंचाची छोटी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी फाइल सिस्टीम). बायॉसमध्ये व्हीटी-एक्स (प्रोसेसरची आभासी यंत्रांसाठीची सोय) चालू असेल तर दोन-तीन सेकंदांत प्रॉम्प्ट येतो. कर्नल पॅनिक होऊन कोसळला तर खिडकी बंद करून पुन्हा सुरू. यात ग्राफिक्स ड्रायव्हरचा संबंधच येत नाही, रूटचा पासवर्ड मुलांच्या हाती द्यावा लागत नाही, आणि ओरलला प्रत्येकाचा कर्नल त्याच्याच फोल्डरमधून चालवून दाखवता येतो.

जर्नलच्या छापील प्रती मात्र तपासून घ्या. अजूनही काही ठिकाणी २.६ काळातली, ३२-बिट टेबलची फाइल शोधायला सांगितलेली असते; ती फाइल आता त्या नावाने नाहीच. ६४-बिट यंत्रासाठी आर्च, एक्स८६, एंट्री, सिसकॉल्स या वाटेने सिसकॉल_६४.टीबीएल ही फाइल गाठायची. ६.१२मध्ये सिस्टीम कॉलच्या क्रमांकांत ४६२वर एमसील आहे, त्यामुळे ४६३ मोकळा मिळतो. पण तोच प्रयोग ६.१३वर केला तर ४६३ आधीच सेटएक्सॲटरॲटने घेतलेला आहे आणि मुलं तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. वर्षभरासाठी एकच आवृत्ती ठरवा. ६.१२ दीर्घकाळ सांभाळली जाणारी आहे, ती योग्य.

सोर्स प्रत्येकाने स्वतंत्रपणे उतरवू नये. एक्सझेडने दाबलेला टारबॉल दीडशे एमबीच्या आसपास असतो. चाळीस जणांनी गिटने पूर्ण इतिहासासकट क्लोन सुरू केलं की कॉलेजची लाइन बसलीच म्हणून समजा. लॅबच्या सर्व्हरवर एक प्रत ठेवा आणि ती ठेवताना सही तपासा. इथे लोक हमखास अडखळतात, कारण सही दाबलेल्या फाइलवर नसते, उघडलेल्या टारवर असते. म्हणून आधी एक्सझेडने उलगडून तो प्रवाह जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या व्हेरिफायला द्यायचा.

खऱ्या यंत्रावर कर्नल बसवण्याची रास्त कारणं थोडी आहेत. रोबोटिक्सच्या लॅबला रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत प्रतिसाद देणारा, कर्नल हवा असतो (तो ६.१२पासून मूळ सोर्समध्येच आला आहे), एखाद्या नव्या हार्डवेअरला वितरणाच्या (उबुंटू, डेबियनच्या) कर्नलमध्ये ड्रायव्हर नसतो, किंवा एखाद्या प्रोजेक्टला खास ट्रेसिंग लागतं. 'यंत्र फास्ट होतं' हे कारण आम्ही धरत नाही. लॅबच्या कामात तो फरक डोळ्यांना दिसत नाही, ड्रायव्हर गेलेला मात्र लगेच दिसतो. आणि रिअल-टाइमवाल्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी : प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे हाच रिअल-टाइम कर्नल दिसला की एनव्हीडियाचा बिल्ड मुद्दाम थांबतो. 'इग्नोर प्रीएम्प्ट आरटी प्रेझेन्स' हा व्हेरिएबल १ करून तो रेटता येतो, पण मग काही अडलं तर कंपनीकडे दाद मागता येत नाही. रोबोटचं यंत्र आणि कूडाचं यंत्र वेगळं ठेवणं सोपं.

कारण रास्त असेल, तर कंपाइल एकाच यंत्रावर करा आणि पॅकेज बाकीच्यांना वाटा. ते यंत्र निवडताना रॅम किमान ८ जीबी, रिकामी डिस्क ४० जीबी आणि यूपीएस खात्रीचा असावा. वीज मध्येच गेली तर मेक पुढून सुरू होतं खरं, पण अर्धवट लिहिलेल्या ऑब्जेक्ट फाइल मागे राहतात आणि लिंकर 'फाइल ट्रंकेटेड' किंवा 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतो. शून्य आकाराच्या .ओ फाइल शोधून उडवा. तरीही अडलं तर 'मेक क्लीन'. 'सीसी१ किल्ड' आलं तर मेमरी संपली आहे, -जेचा आकडा निम्मा करा. 'इंटर्नल कंपाइलर एरर' दर वेळी वेगळ्याच फाइलवर येत असेल तर कोडला दोष देऊ नका. रॅमची कांडी तरी सैल आहे, नाहीतर हीटसिंकमध्ये धूळ बसली आहे. कंपाइल म्हणजे सगळे कोअर तासभर शंभर टक्क्यांवर. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत जुनं यंत्र तिथे उघडं पडतं.

पॅकेजेस : बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएनकर्सेस, लिबएसएसएल आणि लिबईएलएफच्या डेव्ह आवृत्त्या, ड्वॉर्व्ह्‌ज, डेबहेल्पर, आरसिंक, सीपीआयओ. ड्वॉर्व्ह्‌ज राहिलं तर ६.१२च्या आधीच्या कर्नलचा, बीटीएफ (कर्नलमधल्या टाइप्सची माहिती) चालू असलेला बिल्ड त्यातला पाहोल हा प्रोग्रॅम नाही म्हणून अडतो, आणि तेव्हा मिळणारा संदेश वाचून कुणालाही या पॅकेजची आठवण येत नाही.

कॉन्फिग शून्यातून बनवू नका. बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग सोर्समध्ये .कॉन्फिग नावाने आणा आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' द्या. उबुंटूची कॉन्फिग असेल तर थोड्याच वेळात बिल्ड 'कॅनॉनिकल-सर्ट्‌स.पेम' बनवायचा नियम नाही म्हणून थांबेल. कॅनॉनिकलची ती प्रमाणपत्रं मूळ सोर्समध्ये नसतात. स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या कॉन्फिग स्क्रिप्टने सिस्टीम ट्रस्टेड कीज आणि सिस्टीम रिव्होकेशन कीज या दोन्ही किमती रिकाम्या करा. त्याच बैठकीत डीबग इन्फो 'नन' करा. ते चालू राहिलं तर बिल्डचं फोल्डर २० जीबीच्या वर जातं, बंद केलं तर निम्म्याहून कमी जागेत भागतं.

वेळ वाचवायला 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरतात. ते त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल ठेवतं आणि बाकीचे काढून टाकतं. पेनड्राइव्ह त्या वेळी लावलेला नसेल तर यूएसबी स्टोरेज जातं, प्रिंटर नसेल तर त्याचा मॉड्यूल जातो, आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांचा पेनड्राइव्ह उघडत नाही. एनव्हीडिया चालू असताना ही आज्ञा दिली तर नूव्होही गळतो, म्हणजे पडायची वेळ आली तर खाली जाळी उरत नाही. वापरायचंच असेल तर लॅबमधल्या सगळ्या प्रकारच्या वस्तू एकेकदा जोडून, एलएसएमओडीची यादी फाइलमध्ये साठवून ती त्याला द्या.

ग्राफिक्ससाठी कॉन्फिगमध्ये एवढं पाहा. डीआरएम (कर्नलमधला ग्राफिक्सचा पाया) आणि डीआरएम केएमएस हेल्पर चालू हवेत, नाहीतर एनव्हीडिया-डीआरएम हा भाग नीट बनत नाही आणि वेलँड (डेस्कटॉप दाखवायची नवी पद्धत) चालत नाही. सिंपलडीआरएम आणि सिसएफबी सिंपलएफबी बिल्ट-इन ठेवा, म्हणजे मुख्य ड्रायव्हर पडला तरी फर्मवेअरने दिलेल्या रिझोल्यूशनवर काहीतरी दिसेल. एएमडीजीपीयू मात्र मॉड्यूलच राहू द्या. बिल्ट-इन केला आणि त्याच्या फर्मवेअर फाइल इनिटरॅमएफएसमध्ये नसल्या, तर डिस्क माउंट होण्याआधीच तो फर्मवेअर शोधतो, सापडत नाही, आणि स्क्रीन काळी.

लोकल व्हर्जनमध्ये तारीख किंवा लॅबचा क्रमांक घाला आणि 'मेक बिनडेब-पीकेजी' द्या. चार कोअरच्या जुन्या यंत्रावर वितरणाच्या पूर्ण कॉन्फिगला दीड-दोन तास धरा. बाहेर येणाऱ्या पॅकेजेसपैकी इमेज आणि हेडर्स ही दोन्ही एकाच डीपीकेजी आज्ञेत बसवा; लिबसी-डेव्ह बसवू नका, ते सिस्टीमचं मूळ पॅकेज बदलतं. हेडर्स नसले तर डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणाऱ्या सोयीला) एनव्हीडियाचा मॉड्यूल बांधायला काहीच मिळत नाही. जुन्या पद्धतीने 'मेक इन्स्टॉल' केलं तर हेडर्सचं पॅकेज बनतच नाही. लिब-मॉड्यूल्समधली बिल्ड नावाची लिंक थेट मुलाच्या होम फोल्डरमधल्या सोर्सकडे बोट दाखवते. सत्र संपल्यावर होम फोल्डर साफ झालं की ती लिंक तुटते, आणि पुढचा ड्रायव्हर अपडेट अवाक्षर न काढता फसतो.

उबुंटूवर आणखी एक खाच आहे. 'उबुंटू-ड्रायव्हर्स'ने बसवलेला एनव्हीडिया बहुतेकदा कॅनॉनिकलने आधीच बांधून सही केलेल्या मॉड्यूलच्या रूपात येतो. ते मॉड्यूल फक्त उबुंटूच्याच कर्नलसाठी असतात. तुमच्या कर्नलला त्यातलं काहीच मिळत नाही, आणि इन्स्टॉलेशनमध्ये एररही दिसत नाही. त्यासाठी त्याच शाखेचं एनव्हीडिया-डीकेएमएस पॅकेज आधी बसलेलं हवं. रीबूट करण्यापूर्वी 'डीकेएमएस स्टेटस' पाहा; नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर रीबूट करूच नका. व्हार-लिब-डीकेएमएसखाली त्या आवृत्तीच्या बिल्ड फोल्डरमधली मेक.लॉग उघडा आणि पहिली एरर वाचा. शेवटची ओळ नेहमीच 'एरर २' असते, तिच्यावरून काही कळत नाही. कंपाइलर न जुळल्याची तक्रार असेल तर कर्नल ज्या जीसीसीने बांधला तोच डीकेएमएसला द्या. कर्नल क्लँगने बांधला असेल तर मॉड्यूलही क्लँगनेच.

बूट पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर इनिटरॅमएफएस लिहिताना जागा संपते आणि अर्धवट फाइल राहते. हाताने मॉड्यूल बसवत असाल तर इन्स्टॉल मॉड स्ट्रिप १ ठेवा. डीबग इन्फो चालू राहिलं असेल तर त्याशिवाय इनिटरॅमएफएस कित्येक पट फुगते.

सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असेल तर दोन वेगळ्या भिंती लागतात. ग्रबमध्येच (बूटच्या मेन्यूतच) 'बॅड शिम सिग्नेचर' आलं तर तुमच्या कर्नलवर मान्य सही नाही. कर्नल चालू झाला पण एनव्हीडिया लोड करताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर मॉड्यूलवर नाही. उबुंटू डीकेएमएससाठी स्वतः जी मॉक की (यंत्राच्या मालकाने नोंदवायची किल्ली) बनवतं, ती फक्त मॉड्यूलपुरती असते. तिने कर्नलवर सही केली तरी शिम (ग्रबच्या आधी चालणारा, सही तपासणारा भाग) तो नाकारतो. वेगळी की लागते, आणि ती नोंदवण्याचा निळा पडदा पुढच्या बूटला एकदाच येतो. तो रिमोटवरून दाबता येत नाही, प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसवावा लागतो. चाळीस यंत्रांच्या लॅबला सिक्युअर बूट बंद करून बायॉसला पासवर्ड लावणं आम्हाला जास्त व्यवहार्य वाटतं.

पहिला बूट कायमचा करू नका. ग्रबमध्ये डीफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवा आणि 'ग्रब-रीबूट'ने नवा कर्नल फक्त पुढच्या एका बूटपुरता निवडा. स्क्रीन काळी राहिली तर पॉवर बटण दाबून पुन्हा चालू केलं की जुना कर्नल आपोआप येतो. वितरणाचा मूळ कर्नल कधीही काढू नका.

एवढं करूनही बिघडलं तर लक्षणं वेगळी वाचा. कमी रिझोल्यूशनची स्क्रीन आणि 'जीएलएक्सइन्फो -बी'मध्ये एलएलव्हीएमपाइप, याचा अर्थ एनव्हीडिया लोड झाला नाही आणि त्याच्या पॅकेजने नूव्होला ब्लॅकलिस्ट केलेलं असल्याने तोही आला नाही; सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे. 'एपीआय मिसमॅच' आलं तर मॉड्यूल जुना आणि लायब्ररी नवी. अपडेटनंतर रीबूट राहिला असेल किंवा इनिटरॅमएफएसमध्ये जुनी प्रत अडकली असेल. पूर्ण काळी स्क्रीन असेल पण दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच होत असेल, तर कर्नल जिवंत आहे. डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एनव्हीआरएम आणि डीआरएमच्या ओळी पाहा. एसएसएचही होत नसेल तर ग्रबमध्ये नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवणारा पर्याय) जोडून उठवा, पण ते तिथे कायमचं ठेवू नका. आम्ही पाहिलेल्या कित्येक यंत्रांत कुणीतरी कधीतरी घातलेलं नोमोडसेट तसंच राहून गेलेलं असतं.

कुणी काहीही कंपाइल न करताही कर्नल बदलतो, तेही सांगायला हवं. उबुंटू डेस्कटॉपवर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी नवे कर्नल देणारी) मालिका आपोआप असते, २४.०४ एकच राहतं, पण कर्नल ६.८, ६.११, ६.१४ असा वर सरकत जातो. जुन्या शाखेचं कार्ड असलेल्या लॅबमध्ये एचडब्ल्यूईचं मेटापॅकेज काढून साधं लिनक्स-जेनेरिक ठेवा, म्हणजे ६.८वरच सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतील. कर्नल होल्ड करून वर्षानुवर्षं तसाच ठेवण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. नेटवर्कला जोडलेल्या लॅबमध्ये ते धोक्याचं आहे. अपडेट आधी एका यंत्रावर, शक्यतो सुट्टीत, मग बाकीच्यांवर.

आमच्या मागण्या तीन. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक कार्डापुढे एलएसपीसीआयचा तो कोड आणि ड्रायव्हरची शाखा लिहावी; नुसतं 'जीटी ७३०' लिहून भागत नाही. 'कार्ड नादुरुस्त' हा शेरा ते कार्ड वितरणाच्या मूळ कर्नलवर तपासल्याशिवाय मारू नये. आणि पुढच्या खरेदीत '२ जीबी ग्राफिक्स कार्ड' या ओळीऐवजी असा मजकूर घालावा : 'ट्युरिंग किंवा त्यानंतरच्या पिढीची चिप, एनव्हीडियाच्या खुल्या कर्नल मॉड्यूलवर चालणारी, अथवा कूडाची गरज नसल्यास कार्डाशिवाय, अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. पुरवठादाराने एक नमुना यंत्र लॅबमध्ये आणून उबुंटू २४.०४च्या चालू कर्नलवर एनव्हीडिया-एसएमआय, आणि एक कर्नल अपडेट व रीबूट करून पुन्हा तीच आज्ञा चालवून दाखवावी.' दुसऱ्या वेळी ती आज्ञा चालली नाही तर बिल पास करू नये.

कळावे,
ठाणे-बेलापूर पट्ट्यात लिनक्सची यंत्रं सांभाळणारे काहीजण